भूमिका-खेळांची वंशावळ

इ. स. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत ब्रिटनमधील 'बाफ्टा' या संस्थेनें एका लोकमताचा निकाल प्रसिद्ध केला. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ खेळ या तीन कलांना पारितोषिकें देणारी ही संस्था. आजवरच्या व्हिडिओ खेळांत सर्वांत प्रभावी खेळ कोणता, असा प्रश्न तिनें लोकांपुढें ठेविला होता. पहिला मान 'शेनमू' या १९९९ सालच्या जपानी खेळास मिळाला. आणि पहिल्या दहांत 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' या खेळाच्या दुसऱ्या भागाचेंहि नांव आलें. हा दुसरा भाग बाजारांत येऊन त्या वेळीं अवघे दोन महिने झाले होते!

दोन महिन्यांच्या मुलानें कोणता वंश चालविला असेल, हा प्रश्न मतें देणारांच्या मनांत आलेला दिसत नाहीं. जो खेळ नुकताच खेळून मन प्रसन्न झालें, त्याला त्यांनीं मत दिलें. यांत त्यांचा दोष फारसा नाहीं. आवड, कीर्ति, खप आणि प्रभाव या चार गोष्टी बोलण्याच्या ओघांत एकमेकींत सहज मिसळतात. परंतु इतिहास लिहितांना त्यांची फारकत करावीच लागते. नाहीं तर जो शेवटीं आला त्याच्याच गळ्यांत माळ पडते, आणि ज्यानें वाट पाडली त्याचें नांवहि उरत नाहीं. त्या यादींत 'विझर्ड्री' नव्हता, 'अल्टिमा' नव्हता, आणि 'ड्रॅगन क्वेस्ट'हि नव्हता. हे तीन खेळ कोणते, आणि त्यांच्यावांचून पुढील खेळ आज आहेत तसे कां झाले नसते, हें समजण्यासाठीं या कुळाची वंशावळच मांडून पाहिली पाहिजे.

प्रभाव ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. एखादा खेळ इतिहासांतून काढून टाकला, अशी कल्पना करावी. आणि मग पाहावें कीं, त्याच्या मागून आलेल्यांपैकीं कोण उभा राहतो आणि कोण ढासळतो. खेळ सुंदर असेल, पण त्याच्यावांचून मागचें कांहींच ढासळत नसेल, तर तो सुंदर खरा; प्रभावी नव्हे.

ज्यांना इंग्रजींत रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्यांना मराठींत भूमिका-खेळ म्हणतां येईल. खेळणारा त्यांत एक सोंग घेतो. तो योद्धा होतो, मांत्रिक होतो, चोर होतो. बुद्धिबळांतील प्यादें पहिल्या डावांत जसें असतें तसेंच तें शंभराव्या डावांतहि असतें. भूमिका-खेळांतील वीर मात्र अनुभवानें वाढतो. त्यानें शत्रूस जिंकलें कीं त्याच्या नांवावर अनुभवाचे गुण जमा होतात, गुण पुरेसे झाले कीं त्याची इयत्ता वाढते, आणि इयत्तेबरोबर त्याचें बळ वाढतें. अंगांत किती जीव उरला आहे, हेंहि आंकड्यांनींच मोजलेलें असतें.

हा सारा हिशेब संगणकानें निर्माण केलेला नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून त्याची पहिली आवृत्ति निघाली, ती अवघ्या एक हजार प्रतींची होती, आणि तिच्या पेट्या हातांनीं भरलेल्या होत्या. दोघेहि टेबलावर लहान लहान सैनिक मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्या मंडळींपैकीं होते. त्यांनीं केलेला बदल वरकरणीं किरकोळ वाटेल : एका खेळाडूच्या हातीं सैन्य न देतां एकच मनुष्य द्यावयाचा, आणि एका गड्यानें सूत्रधार होऊन भुयारांत काय दिसतें, कोण भेटतें, हें वर्णन करून सांगावयाचें. यशापयश फांसे ठरवीत. पण फांशांहूनहि मोठा अधिकार सूत्रधाराचा असे. खेळणारा नवशिका आहे, त्याचा वीर पहिल्याच खोलींत मरावयास टेकला आहे, आणि त्याचा चेहरा उतरला आहे, हें सूत्रधाराला समोर दिसे. आणि मनांत आणलें तर तो एखादी पळवाट ठेवी.

पुढें हा खेळ यंत्रांत शिरला तेव्हां खरी अडचण येथेंच आली. यंत्राला चेहरा दिसत नाहीं. हरलेल्या वीराचें काय करावयाचें, हें आतां कोणाच्या दयेवर सोडतां येत नव्हतें. त्याचा नियमच लिहावा लागणार होता. भूमिका-खेळांच्या पुढील पन्नास वर्षांचा इतिहास या एका नियमाच्या अनुरोधानें वाचला, तर कोणाचा प्रभाव कोठवर पोंचला याचा माग चांगला लागतो.

यंत्रांत हा खेळ पहिल्यानें शिरला तो एका शाळेच्या वाटेनें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकारानें १९६० पासून 'प्लेटो' नांवाची एक योजना चालू होती. संगणकाच्या द्वारें विद्यार्थ्यांना पाठ द्यावयाचे, हा तिचा हेतु. एका मोठ्या संगणकास जोडलेले नारिंगी प्रकाशाचे पडदे दूरदूरच्या वर्गांतून मांडलेले असत. १९७५ च्या सुमारास रस्टी रदरफोर्ड नांवाच्या एका तरुणानें अभ्यासाच्या पाठांसाठीं राखून ठेवलेल्या जागेंत, त्या जागेच्याच 'पेडिट-५' या रूक्ष नांवाखालीं, एक भुयाराचा खेळ लिहून ठेविला. नांव पाहून कोणालाहि तो धडाच वाटावा. पण खेळणारांची गर्दी लपली नाहीं, आणि व्यवस्थापकांनीं तो पुसून टाकला. त्याच वर्षीं दक्षिण इलिनॉय विद्यापीठांत गॅरी व्हिसेनहंट आणि रे वुड यांनीं 'डीएनडी' हा दुसरा खेळ रचला. त्यांत खजिन्याचें रक्षण करणारा एक थोर शत्रु शेवटीं उभा असे. आजच्या असंख्य खेळांच्या अखेरीस जो महाशत्रु भेटतो, त्याचा हा पूर्वज. कालक्रमानें पाहिलें तर पहिलेपणाचा मान प्लेटोवरील या खेळांनाच द्यावा लागेल. मात्र त्या पडद्यांपुढें बसण्याचें भाग्य विद्यापीठांतील थोड्या लोकांनाच लाभलें. घरांत बसलेल्या मुलापर्यंत हें पाणी अद्याप आलेलें नव्हतें.

तें आलें १९८१ सालीं, आणि दोन वाटांनीं आलें. कॉर्नेल विद्यापीठाशीं संबंध असलेल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनीं 'ॲपल २' या घरगुती संगणकासाठीं 'विझर्ड्री' रचला. वुडहेड प्लेटोवरील खेळांत मुरलेला होता. दोघांनीं आपलीं नांवें उलटीं करून खेळांतील दोन पात्रांना दिलीं : अँड्र्यूचा झाला 'वेर्डना', आणि रॉबर्टचा 'ट्रेबॉर'. सहा वीरांची एक तुकडी घेऊन दहा मजल्यांच्या चक्रव्यूहांत उतरावयाचें, आणि भुयाराच्या भिंती जणूं स्वतःच्याच डोळ्यांनीं पाहत चालावयाचें, अशी त्याची रचना होती. त्याच वर्षीं टेक्सासमधील रिचर्ड गॅरियट या विशीच्या तरुणाचा 'अल्टिमा' निघाला. शाळेंत असतांनाच त्यानें 'अकालाबेथ' नांवाचा खेळ लिहिला होता, आणि त्याच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून एका संगणकाच्या दुकानांतून विकल्या होत्या. अल्टिमांत भुयारें होतींच, पण त्यांच्यावर एक अफाट मुलूख पसरलेला होता. तो वरून, घारीच्या नजरेनें, दिसे, आणि त्यांत गांवें, किल्ले, समुद्र असत.

विझर्ड्रीमधील मरणाचा नियम अत्यंत कठोर होता. तुकडी भुयारांत पडली कीं तिचीं प्रेतें तेथेंच राहत. ज्याला तीं परत हवीं असतील त्यानें नवे, कच्चे वीर तयार करून त्यांना त्याच भुयारांत धाडावें. प्रेत गांवांत आणलें तर मंदिरांतील पुजारी पैसे घेऊन त्याला उठविण्याचा प्रयत्न करीत. प्रयत्न फसला तर प्रेताची राख होई. राखेवरचा प्रयत्नहि फसला तर तो वीर कायमचा नाहींसा होई. शिवाय घडलेली गोष्ट लागलीच चकतीवर नोंदली जात असल्यामुळें झालेली चूक सहजासहजीं पुसतांहि येत नसे. कित्येक आठवड्यांची मेहनत एका फांशानें मातींत जाई. ज्यांना ही धास्तीच प्रिय होती त्यांनीं विझर्ड्रीला डोक्यावर घेतलें. पण ती सहन करणारा वर्ग थोडा होता.

याहून कठोर असा एक तिसरा खेळ याच सुमारास जन्मास आला. कॅलिफोर्नियांतील सांताक्रूझ येथें मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनीं १९८० च्या सुमारास 'रोग' रचला. पुढें बर्कलेमध्यें केन आर्नोल्ड त्यांस मिळाला. त्यांत चित्रें नव्हतीं; वीर म्हणजे एक चिन्ह आणि राक्षस म्हणजे एक एक इंग्रजी अक्षर. पण प्रत्येक वेळीं यंत्र नवें भुयार रचून देई, आणि वीर मेला कीं सर्व संपलें. पुन्हां पहिल्यापासून आरंभ. विद्यापीठांच्या संगणकांवर 'युनिक्स'च्या बर्कले आवृत्तीबरोबर हा खेळ जगभर पोंचला. त्याचा वंश आजहि इतका मोठा आहे कीं 'रोगसारखे' ही त्या खेळांची एक स्वतंत्र जातच मानली जाते. १९९६ च्या अखेरीस आलेला 'डायाब्लो' याच शाखेचा. त्याचा कर्ता डेव्हिड ब्रेव्हिक यानें आरंभीं पाळीपाळीनें चालणारा खेळ योजिला होता, आणि मग त्याला धांवती गति दिली. नवें भुयार दर वेळीं यंत्रानें रचावयाचें, हें तत्त्व मात्र त्यानें तसेंच ठेविलें.

आतां वंशावळ महासागर ओलांडून जपानांत जाते. एनिक्स नांवाच्या जपानी कंपनीनें खेळ रचणारांसाठीं एक स्पर्धा ठेविली होती. तींत युजी होरी आणि कोइची नाकामुरा या दोघांना पारितोषिकें मिळालीं. होरी हा मुलांच्या एका साप्ताहिकांत लेखन करणारा. नाकामुरा तर तेव्हां शाळकरी वयाचा. दोघेहि अमेरिकेंतील ॲपल संगणकांच्या एका प्रदर्शनास गेले, आणि विझर्ड्री त्यांच्या दृष्टीस पडला. होरीच्या मनांत तो इतका भरला कीं, आपल्या एका गुन्हेशोधाच्या खेळांतहि त्यानें विझर्ड्रीची आठवण देणारें एक भुयार घातलें. पण त्याच्यापुढील कामगिरी निराळी होती. जपानांतील घरोघरीं तेव्हां संगणक नव्हते. १९८३ मध्यें निघालेला निन्टेंडो कंपनीचा 'फॅमिकॉम' हा खेळण्याचा डबा होता. त्याला कळफलक नव्हता. हातांत एक चौफुलीची कळ आणि दोनचार गुंड्या, एवढेंच साधन. आणि समोर बसणारा बहुधा दहा-बारा वर्षांचा मुलगा, ज्यानें फांशांचे हिशेब जन्मांत कधीं पाहिले नव्हते.

२७ मे १९८६ रोजीं होरीचा 'ड्रॅगन क्वेस्ट' बाजारांत आला. वरून दिसणारा मुलूख त्यानें अल्टिमाकडून घेतला, लढाईचा पडदा विझर्ड्रीकडून घेतला. चित्रें 'ड्रॅगन बॉल'चा चित्रकार अकिरा तोरियामा याचीं होतीं, संगीत कोइची सुगियामा याचें. सहा वीरांच्या जागीं एकच वीर ठेविला, आणि त्याच्यासमोर एका वेळीं एकच शत्रु. सर्व खेळ चौसष्ट किलोबाइटांत बसविला होता. आजच्या एका साध्या छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते.

त्याचा आरंभ पाहण्यासारखा आहे. वीर राजाच्या दालनांत उभा असतो, आणि दालनाचें दार बंद असतें. बाहेर पडावयाचें तर राजाशीं बोलावें लागतें, पेटी उघडून किल्ली घ्यावी लागते, ती दाराला लावावी लागते, आणि जिना उतरावा लागतो. एवढें करीपर्यंत खेळांतील बहुतेक आज्ञा मुलानें वापरून झालेल्या असतात. त्याला कोणी पाठ दिला नाहीं, पुस्तक वाचावयास लावलें नाहीं, आणि तरीहि पहिला धडा पुरा झाला. दाराबाहेर पहिला शत्रु भेटतो, तो हसऱ्या तोंडाचा चिखलाचा एक थेंब. नवशिक्यालाहि तो जिंकतां येतो.

आणि मग तो नियम. वीर लढाईंत पडला, तर तो पुन्हां राजापुढें उभा राहतो. राजा त्याला खरमरीत बोल लावतो. त्याच्याजवळचें अर्धें सोनें जातें. परंतु त्यानें मिळविलेला अनुभव आणि चढलेली इयत्ता यांतील कणहि जात नाहीं. नापास झालेल्या मुलाला पुन्हां बाराखडीपासून बसवावयाचें, कीं जें त्याला आलें तें त्याचें धरून त्याच वर्गांत पुन्हां संधि द्यावयाची, हे जसे शिक्षणांतील दोन पंथ आहेत, तसेच ते येथें समोरासमोर आले. विझर्ड्री पहिल्या पंथाचा. ड्रॅगन क्वेस्ट दुसऱ्या. हाताची चपळाई ज्याच्याजवळ नाहीं, युक्तीहि फारशी नाहीं, पण चिकाटी आहे, अशा मुलालाहि आज ना उद्यां शेवट गांठतां येईल, असें आश्वासन त्या एका नियमांत होतें.

त्यांत उणीव नव्हती असें नाहीं. पहिल्या भागांत खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. राजा वीस जपानी अक्षरांचा एक मंत्र सांगे, आणि तो वहींत उतरून ठेवून दुसरे दिवशीं पुन्हां भरावा लागे. एक अक्षर चुकलें कीं वीर परत येत नसे. असंख्य जपानी मुलांनीं या खेळांत पहिला खरा शोक केला तो राक्षसामुळें नव्हे, तर स्वतःच्या हस्ताक्षरामुळें! तथापि ओढ कमी झाली नाहीं. तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजीं निघाला. तो वार बुधवार होता, आणि शाळा बुडवून मुलें दुकानांपुढील रांगांत उभीं राहिलीं. चौथा आणि पांचवा भाग मग रविवारीं विक्रीस आले. १९९६ मध्यें सातोशी ताजिरीच्या कल्पनेंतून 'पोकेमॉन' निघाला. किडे जमविण्याच्या बालपणींच्या छंदांतून तो सुचलेला, आणि वाटेल तेवढा नवा. पण त्यांत खेळाडूचे सर्व प्राणी मूर्च्छित पडले कीं काय होतें? तो शुश्रूषागृहांत परत येतो, त्याचे अर्धे पैसे जातात, आणि प्राण्यांनीं मिळविलेला अनुभव तसाच राहतो. दहा वर्षांपूर्वींचा राजाचा नियम जसाचा तसा पुन्हां उभा! प्रभाव कशाला म्हणावें, याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण.

अनेकांनीं एकत्र खेळावयाचे जे भूमिका-खेळ, त्यांचा उगम निराळा आहे. १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ यानें आरंभिलेला आणि रिचर्ड बार्टल यानें पूर्णत्वास नेलेला 'मड' हा त्यांचा मूळ पुरुष. त्यांत सर्व जग केवळ शब्दांनीं वर्णिलेलें असे. परंतु तेथेंहि हाच झगडा दिसतो. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्यें मेलेल्या वीराचा अनुभव घटे, आणि त्याचें सामान प्रेताजवळ राही. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नें तो दंड काढून टाकला. तेथें वीराचा आत्मा स्मशानांतून धांवत आपल्या देहाकडे जातो आणि पुन्हां उठतो. शस्त्रें थोडीं झिजतात, पण अनुभव जात नाहीं. २०१० मध्यें या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली होती. त्या यशाचें कारण केवळ हा एक नियम नव्हे. पण कठोर नियमांच्या काळीं एवढी गर्दी दारांत आली नव्हती, हेंहि खरें.

येथें कोणी म्हणेल कीं, कठोर पंथ हरला असें समजूं नये. आणि तें बरोबर आहे. २००९ मध्यें हिदेताका मियाझाकीचा 'डीमन्स सोल्स' आला, २०११ मध्यें 'डार्क सोल्स', आणि २०२२ मध्यें 'एल्डन रिंग'. या खेळांत वीर पदोपदीं मरतो. मेल्यावर हातीं असलेली कमाई जागेवर सांडते. पुन्हां त्या जागीं पोंचलें तर ती परत मिळते, आणि वाटेंत पुन्हां मेलें तर कायमची जाते. विझर्ड्रीमधील प्रेतांच्या शोधाचीच ही आठवण. मात्र येथेंहि एकदां चढलेली पायरी सुटत नाहीं. कठोरपणाचा झेंडा मिरविणाऱ्या या घराण्यानेंहि दुसऱ्या पंथाचें अर्धें तत्त्व मुकाट्यानें पत्करलें आहे.

निवड करतांना गॅरियटच्या चौथ्या अल्टिमाला वगळणें मात्र अन्यायाचें होईल. तिसऱ्या अल्टिमानंतर खेळणारांचीं व पालकांचीं पत्रें त्याच्या हातीं येऊं लागलीं, आणि आपल्या खेळांत लोक लुटालूट करून जिंकतात, हें त्याच्या मनाला लागलें. १९८५ मध्यें त्यानें 'क्वेस्ट ऑफ द अवतार' या नांवानें चौथा भाग रचला. अवतार हा शब्द मराठी वाचकास सांगावयास नको. तो उघडच आपल्याकडून तिकडे गेला. या खेळांत शेवटीं मारावयाचा महाशत्रु नाहीं. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांतून निघालेले आठ सद्गुण अंगीं बाणवावयाचे, हेंच ध्येय. एक आंधळी बाई मंत्राचीं औषधें विकते. किती नाणीं मोजावयाचीं तें खेळणारानेंच ठरवावयाचें. कमी दिलीं तर ती कांहीं बोलत नाहीं. पण खेळ तें लक्षांत ठेवतो. परंपरेनें ज्ञानेश्वरांच्या नांवाशीं जोडल्या गेलेल्या मोक्षपटांतहि सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत. पण तेथें वर चढणें कवड्यांच्या दानावर अवलंबून असतें. गॅरियटनें तें खेळणाराच्या वर्तनावर अवलंबून ठेविलें. हेतूच्या उंचीनें पाहिलें तर हा खेळ सर्वांवर उभा राहील. परंतु त्याच्या मागून आलेल्या कित्येकांनीं त्याचा विवेक न घेतां केवळ हिशेब घेतला. पाप-पुण्याची एक पट्टी पडद्यावर आंखली, आणि पुण्य हाहि बळ वाढविण्याचा एक मार्ग ठरला. आदर्श म्हणून तो वंदनीय. वंश मात्र त्याच्या मनासारखा निघाला नाहीं.

आतां कसोटी लावावी. रोग काढून टाकला तर एक मोठी फांदी तुटते, पण झाड उभें राहतें. विझर्ड्री आणि अल्टिमा काढले तर ड्रॅगन क्वेस्ट त्या रूपांत जन्मासच येत नाहीं, म्हणून त्यांचें ऋण मुळाचें आहे. पण ड्रॅगन क्वेस्ट काढला तर? तर १९८७ चा 'फायनल फॅन्टसी' आणि १९९६ चा पोकेमॉन आज आहेत त्या रूपांत उरत नाहींत, आणि घरगुती डब्यावरील भूमिका-खेळांचा सबंध जपानी प्रवाह दुसऱ्याच वाटेनें जातो. यावर दोन आक्षेप येतात, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. फायनल फॅन्टसीनें अर्ध्या सोन्याचा नियम घेतला नाहीं. तेथें हरलेल्यानें शेवटच्या नोंदीपासून पुन्हां आरंभ करावा. तसेंच अमेरिकेंत ड्रॅगन क्वेस्टचें स्वागत थंड झालें; 'ड्रॅगन वॉरियर' या नांवानें १९८९ मध्यें तो तिकडे गेला, आणि पुढें निन्टेंडोनें आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना त्याच्या प्रती भेट म्हणून वांटल्या. पश्चिमेकडील बहुसंख्य मुलांना या जपानी पद्धतीची खरी ओळख झाली ती १९९७ च्या सातव्या फायनल फॅन्टसीमुळें आणि पोकेमॉनमुळें. पण प्रभाव म्हणजे स्वतःच्या नांवाचा डांगोरा नव्हे. नदीचा उगम डोंगरांत असतो, त्याला वंदन करावें. परंतु शेत पिकतें तें ज्यानें पाट खणला त्याच्यामुळें, आणि पुष्कळदां पिकाच्या मालकाला पाट खणणाराचें नांवहि ठाऊक नसतें. या न्यायानें पहिला मान ड्रॅगन क्वेस्टला, दुसरा विझर्ड्री-अल्टिमाच्या जोडीला, आणि तिसरा रोगला द्यावा लागतो. त्याच्या मायदेशानें हें ऋण मानलेलें आहे. २३ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिक सोहळ्यांत राष्ट्रांचीं पथकें मैदानांत येऊं लागलीं, तेव्हां पहिले सूर वाजले ते सुगियामाच्या ड्रॅगन क्वेस्टचे.

या निवडीचा उपयोग केवळ मानापुरता नाहीं. अनुभवाचे गुण आणि इयत्ता हे शब्द आतां खेळांच्या बाहेर पडले आहेत. ड्युओलिंगोसारखें भाषा शिकविणारें साधनहि विद्यार्थ्यास असेच गुण देतें. ज्या शिक्षणयंत्रांतून पेडिट-५ पुसून टाकण्यांत आला, त्याच शिक्षणाच्या दारीं त्याचे वंशज आज गुरुजी म्हणून उभे आहेत. दुसरीकडे, फोनवरील कित्येक खेळ असे निघाले आहेत कीं, मूल हरलें कीं पुढें जाण्यासाठीं खरे पैसे मागतात. सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. होरीच्या राजानें मात्र तें सोंगहि आणलें होतें : त्यानें अर्धें सोनें घेतलें, पण तें खोटें सोनें होतें, आणि मुलाची खरी कमाई त्यानें मुलाजवळच ठेविली. घरांतील मुलाच्या हातीं एखादा नवा खेळ दिसला, तर तो सुंदर आहे कीं नाहीं, किंवा कोणत्या यादींत कितवा आला, हें मागाहून विचारावें. मूल हरल्यावर तो काय काढून घेतो आणि काय राहूं देतो, हें वडील माणसानें शेजारीं बसून आधीं पाहावें.